लहान प्रश्नांचा भाव

सुपर बोल हा अमेरिकन फुटबॉलचा दरवर्षीचा अंतिम सामना. त्याच्या आधी मैदानात नाणं उडवलं जातं. ते छापा पडेल की काटा, यावर अमेरिकेत लोक पैसे लावतात. भाव साधारण १.९५ असतो. म्हणजे शंभर लावले आणि अंदाज बरोबर आला तर १९५ हातात, त्यातले शंभर आपलेच. नाण्याला ना फॉर्म असतो, ना दुखापत. शक्यता निम्मी-निम्मी, आणि निम्म्या शक्यतेचा रास्त भाव २.००. एकानं छाप्यावर शंभर लावले, दुसऱ्यानं काट्यावर शंभर, तर बुकीकडे दोनशे जमले आणि त्यानं १९५ दिले. पाच उरले, म्हणजे अडीच टक्के.

प्रॉप बेट म्हणजे सामना कोण जिंकेल हे सोडून सामन्याच्या आतल्या एखाद्या घटनेवर लावलेली पैज. पहिला टचडाउन (चेंडू समोरच्या संघाच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन मिळवलेले गुण) कोण करेल, अमुक फलंदाज तीसच्या वर जाईल का, पहिल्या सहा षटकांत किती धावा होतील. या अफाट यादीत नाणेफेक ही बहुधा एकच पैज अशी, जिची खरी शक्यता लावणाऱ्यालाही ठाऊक असते आणि घेणाऱ्यालाही. म्हणून तिथे बुकीचा वाटा उघडा दिसतो, आणि म्हणूनच तो कमी असतो. बाकी ठिकाणी तो झाकलेला असतो. हा सगळा विषय समजून घ्यायला मला एकच धागा पुरेसा वाटतो: प्रश्न जितका लहान, तितका त्याचा भाव महाग, आणि तितक्या कमी हातांत त्याचा निकाल.

आधी महागाईचा हिशेब. दोन बाजू सारख्या भावाच्या असतील तर गणित सोपं आहे. भावाला दोनानं भागायचं आणि उत्तर एकातून वजा करायचं. सामन्याच्या मुख्य पैजेवर अमेरिकेत दोन्ही बाजूंना साधारण १.९१ मिळतात, बुकीचा वाटा साडेचार टक्के. खेळाडूंच्या प्रॉपवर १.८७ हा नेहमीचा भाव, वाटा साडेसहा टक्के. यादीच्या तळाशी १.८३ आणि त्याहून कमी, म्हणजे साडेआठ आणि पुढे. तिथले बुकी हे भाव उणे ११०, उणे ११५, उणे १२० असे लिहितात. शंभर जिंकायला किती लावावे लागतील, ते त्या आकड्यात असतं. अधिक २५० लिहिलं असेल तर शंभर लावल्यावर अडीचशेचा नफा, म्हणजे भाव ३.५०.

दोन बाजूंचे भाव वेगळे असतील तर प्रत्येक भावानं शंभराला भागायचं आणि उत्तरांची बेरीज करायची. शंभराच्या वर जे जाईल ते बुकीचं. समजा, एखादा गोलंदाज दोन किंवा जास्त बळी घेईल यावर २.६० आणि घेणार नाही यावर १.४५ आहेत. ३८.५ अधिक ६९, बेरीज १०७.५. जमणाऱ्या प्रत्येक शंभरातले जवळपास सात त्याच्याकडे राहणार.

सगळ्यात महाग ते प्रकार, जिथे एकच बाजू विकली जाते. संघाचा सर्वाधिक धावा करणारा फलंदाज कोण, हा ब्रिटनमधल्या बुकींचा जुना आणि लोकप्रिय बाजार. उदाहरणादाखल सात नावांना ३.२५, ३.७५, ४.५०, ६, ८, १२ आणि २१ असे भाव दिलेत असं धरा. एकेक आकडा दिसायला गोंडस. बेरीज केली की १२२ निघते, म्हणजे वाटा सुमारे अठरा टक्के, आणि खालचे चार गोलंदाज अजून मोजलेलेच नाहीत. ‘हा फलंदाज सर्वाधिक धावा करणार नाही’ असं म्हणायची सोय इथे नसते. भाव फुगवलेला आहे हे ओळखणारा माणूस उलट्या बाजूनं उभाच राहू शकत नाही, त्यामुळे तो भाव ताळ्यावर यायला कुठला दाब उरत नाही. पहिला टचडाउन कोण करेल, या बाजाराचंही हेच. ज्या पैजेत फक्त ‘होय’ विकलं जातं, तिथे पाऊल टाकण्याआधी सगळ्या नावांची बेरीज करायला मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटं लागतात. बहुसंख्य लोक ती देत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हा धंदा मोठा झाला तो लास व्हेगासमध्ये, आणि त्याची सुरुवात म्हणून सगळे एकाच सामन्याकडे बोट दाखवतात. २६ जानेवारी १९८६, न्यू ऑर्लिन्स, शिकागो बेअर्स विरुद्ध न्यू इंग्लंड पेट्रियट्स. बेअर्सकडे विल्यम पेरी नावाचा तीनशे पौंडांहून जड बचावपटू होता, टोपणनाव ‘रेफ्रिजरेटर’. प्रशिक्षक माइक डिटका यांनी त्या मोसमात गंमत म्हणून त्याला काही वेळा आक्रमणात चेंडू घेऊन घुसवलं होतं. सीझर्स पॅलेसच्या बुकींनी भाव काढला: पेरी सुपर बोलमध्ये टचडाउन करेल का? २० ला १ च्या आसपास उघडलेला हा भाव लोकांनी पैसे ओतून ओतून सामन्यापर्यंत २ ला १ वर आणला. तिसऱ्या पावात (सामन्याचे चार पाव असतात) बेअर्स भरपूर पुढे असताना डिटकांनी एका यार्डावरून चेंडू पेरीच्या हातात दिला आणि त्यानं टचडाउन केलं. बेअर्स ४६-१० असे जिंकले. त्यांचा थोर धावपटू वॉल्टर पेटन त्या सामन्यात एकही टचडाउन करू शकला नाही.

बुकींना फटका बसला, पण वर्तमानपत्रांत एवढी जाहिरात झाली की तो खर्च त्यांना स्वस्तच पडला. या कथेत मला महत्त्वाचं वाटतं ते निराळं. पैज पेरीच्या ताकदीवर लागली होती आणि निकाल ठरला डिटकांच्या एका इशाऱ्यावर. डिटकांनी काही गैर केलं असं मुळीच नाही. सामना जिंकल्यात जमा होता आणि त्यांनी आपल्या खेळाडूला संधी दिली. पण दोन अख्ख्या संघांच्या तासाभराच्या झटापटीतून निघणारा निकाल वेगळा आणि एका माणसाच्या मनात आलं म्हणून ठरणारा निकाल वेगळा. प्रॉप म्हटलं की बरेचदा हा दुसरा प्रकार असतो.

पुढची मोठी उडी १९९५ च्या सुपर बोलला. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स अठरा-एकोणीस गुणांनी वरचढ मानले जात होते. कोण जिंकणार यात कुणालाच रस नव्हता. तेव्हा व्हेगासच्या इम्पीरियल पॅलेसमधल्या बुकींनी प्रॉपची यादी लांबवली, म्हणजे सामना एकतर्फी झाला तरी शेवटच्या मिनिटापर्यंत लोकांचं काहीतरी अडकलेलं राहील. आज सुपर बोलच्या प्रॉपची यादी शेकड्यांत असते. त्यात एक गमतीचा नेम आहे. यादी उघडते तेव्हा आधी येतात ते व्यावसायिक, आणि ते बहुतेक ‘नाही’ आणि ‘कमी’ विकत घेतात. सामन्याच्या दिवसात येते ती जनता, आणि ती ‘होय’ आणि ‘जास्त’ घेते. कारण उघड आहे. काहीतरी घडावं म्हणून माणूस सामना बघतो. काहीच घडू नये म्हणून तीन तास टीव्हीसमोर बसणं फार थोड्यांना जमतं. जनतेच्या या ओढीनं ‘होय’चा भाव वाजवीपेक्षा पातळ होतो.

आता लाइनकडे वळू, कारण चांगले शिकलेले लोक इथेच फसतात. खेळाडूच्या प्रॉपवर एक आकडा दिलेला असतो, उदाहरणार्थ चेंडू घेऊन कापलेले ४९.५ यार्ड. त्याच्या वर की खाली, एवढंच सांगायचं. अर्धा यासाठी की बरोबरी होऊ नये. समजा, त्या खेळाडूचे गेले दहा सामने असे आहेत: १२, २५, ३१, ३८, ४४, ५१, ५६, ६३, ८८, १५२. बेरीज ५६०, सरासरी ५६. लाइन ४९.५. पाहणाऱ्याला वाटतं, सरासरीपेक्षा साडेसहा यार्ड खाली दिलंय, बुकी चुकला. पण मोजून पाहा. ४९.५ च्या वर पाच वेळा, खाली पाच वेळा. लाइन तंतोतंत मधोमध आहे. सरासरी वर ओढली गेली ती एकट्या १५२ मुळे, आणि पैजेला त्या १५२ चं काही कौतुक नाही. ५० झाले काय आणि १५२ झाले काय, पैसे तेवढेच. बुकी लाइन लावतो ती मध्यावर, आणि लोक तिची तुलना करतात ती सरासरीशी.

क्रिकेटमध्ये हा फरक आणखी मोठा आहे, कारण फलंदाजीचे आकडे एका बाजूला फार लांबतात. शून्याच्या खाली कुणी जात नाही, वर मात्र शतकापर्यंत वाट मोकळी. फलंदाज कुठल्याही धावेवर बाद होण्याची शक्यता सारखीच आहे असं ढोबळपणे धरलं, तर गणित सांगतं की मध्य हा सरासरीच्या सुमारे ६९ टक्के येतो. सरासरी ३५ असेल तर मध्य २४ च्या जवळ. शिवाय फलंदाजीची सरासरी आपण काढतो ती धावा भागिले किती वेळा बाद. नाबाद डाव छेदात येतच नाहीत. टी-ट्वेंटीत पाचव्या-सहाव्या क्रमांकावर येऊन १४ नाबाद, ९ नाबाद करणाऱ्याची सरासरी यामुळे भरघोस दिसते, आणि डावागणिक धावा मात्र त्याहून बऱ्याच कमी असतात. सलामीवीराच्या बाबतीत हा घोळ कमी. तेव्हा ‘याची सरासरी चाळीस आणि लाइन फक्त २६.५’ हे वाक्य ऐकलं की आधी विचारावं: किती वेळा नाबाद, कितव्या क्रमांकावर, आणि शेवटच्या वीस-तीस डावांत प्रत्यक्षात किती वेळा २७ किंवा जास्त?

ज्यांना हे काम येतं ते धावांपासून सुरुवातच करत नाहीत. ते आधी विचारतात, याला चेंडू किती मिळतील? बास्केटबॉलमध्ये मिनिटं, अमेरिकन फुटबॉलमध्ये स्नॅप (खेळातली एकेक चाल), गोलंदाजाच्या बाबतीत षटकं आणि ती डावाच्या कुठल्या टप्प्यात. वर प्रत्येक संधीमागचा दर लावतात. दर बऱ्यापैकी स्थिर असतो, संधी मात्र प्रचंड हलते: वरचे दोघे टिकले की पाचव्याला सहाच चेंडू मिळतात, तीन झटपट गेले की चाळीस. त्यामुळे एखाद्या खेळाडूच्या प्रॉपवर सगळ्यात मोठा परिणाम बरेचदा दुसऱ्याच कुणाच्या तरी दुखापतीच्या बातमीचा होतो. अशी बातमी फुटल्यावर काही मिनिटं जुना भाव तसाच राहिलेला असतो आणि तो टिपणारे लोक आहेत. पण त्याला बुकीचं उत्तरही तयार आहे. प्रॉपवर मुळात कमाल रक्कम कमी ठेवलेली असते, आणि सातत्यानं जिंकणाऱ्या खात्याची मर्यादा आणखी कापली जाते. अमेरिकेतल्या कायदेशीर ॲपवर ही उघड, रोजची गोष्ट आहे. म्हणजे जिथे अभ्यासाला थोडा वाव आहे, तिथे अभ्यासूला जास्त लावू देत नाहीत आणि बाकीच्यांना हवं तेवढं हरू देतात. मला यात अन्याय दिसतो, आणि तो नियमांत बसतो म्हणून कमी होत नाही.

वर गोलंदाजाचं उदाहरण घेतलं होतं, दोन किंवा जास्त बळींना २.६०. त्याचा सामन्यामागे बळींचा दर १.२ आहे असं धरू. असल्या मोजणीच्या गोष्टींना प्वासाँचं सूत्र ठीक चालतं. शून्य बळींची शक्यता ३० टक्के, एका बळीची ३६, दोन किंवा जास्तची ३४. रास्त भाव २.९६. मिळतोय २.६०. अशा भावानं शंभर लावत राहिल्यास लांब पल्ल्यात प्रत्येक वेळी सरासरी बारा रुपये जातात. आणि तरीही दर तीन वेळांत एकदा पैज लागते! एवढ्या नियमित जिंकण्यामुळेच आपण हरतो आहोत हे कित्येक महिने कळत नाही.

विरळ घटनांची गोष्ट वेगळी. अमेरिकन फुटबॉलमध्ये ‘सेफ्टी’ नावाचा दोन गुणांचा प्रकार क्वचित होतो. सुपर बोलमध्ये मात्र २०१२, २०१३ आणि २०१४ असा लागोपाठ तीन वर्षं झाला, २०१४ ला तर खेळ सुरू झाल्यावर बाराव्या सेकंदाला. ‘होय’ घेतलेल्यांनी तिन्ही वर्षं चांगले पैसे उचलले आणि पुढच्या वर्षी अजून लोक आले. त्यानंतर २०१५ ते २०२५ या अकरा सुपर बोलमध्ये एकही सेफ्टी नाही. पहिल्या ५९ सुपर बोलमध्ये एकूण नऊ. विरळ घटना अशाच गठ्ठ्यानं येतात आणि मग वर्षानुवर्षं फिरकत नाहीत. गठ्ठा पाहून भाव ठरवणं म्हणजे मागच्या आठवड्याच्या पावसावरून धरण बांधणं. उलट बाजूचीही किंमत आहे. ‘जादा वेळ लागणार नाही’ याला १.१० भाव असेल तर ९१ टक्क्यांहून जास्त वेळा बरोबर यावं लागतं, आणि एक चूक दहा विजय खाते.

मुंबईत या सगळ्याला प्रॉप कुणी म्हणत नाही. तिथले शब्द ‘सेशन’ आणि ‘फॅन्सी’. सेशन म्हणजे ठरावीक षटकांपर्यंत किती धावा. बुकी दोन आकडे बोलतो, समजा ४६-४७. ‘नॉट’ घेतला तर ४५ किंवा कमी हव्यात, ‘येस’ घेतला तर ४७ किंवा जास्त. पैसे रुपयास रुपया. भाव बरोबरीचा वाटतो आणि वाटा कुठेच दिसत नाही. तो बसलाय ४६ वर. नेमक्या ४६ झाल्या तर दोन्ही बाजू हरतात. सहा षटकांच्या धावा बऱ्याच पसरलेल्या असतात. त्यांतला मधला एकेक आकडा साधारण चार टक्के वेळा येतो असं धरलं, तर तेवढाच बुकीचा वाटा. आकडे ४६-४८ असे दोनच्या फरकानं दिले की वाटा जवळजवळ दुप्पट. घाईच्या वेळी, चेंडू पडत असताना, फरक हळूच रुंदावतो आणि फोनवर ‘खाल्लं, लावलं’ म्हणणाऱ्याला पत्ता लागत नाही. कधी एकच आकडा देऊन रुपयास रुपया हा दरच थोडा वाकवतात, पण हेतू तोच.

हा सट्टा बेकायदा आहे, हे इथेच स्पष्ट लिहितो. महाराष्ट्रात १८८७ चा जुगारबंदीचा कायदा आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारनं केलेल्या कायद्यानं पैशांचे ऑनलाइन खेळ देशभर बंद केले. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. खेळाडूंच्या आकडेवारीवर चालणाऱ्या फँटसी स्पर्धाही त्यात पैशांपुरत्या थांबल्या. गोव्यातल्या कॅसिनोंना परवाने आहेत म्हणून क्रिकेटचा सट्टाही तिथे चालतो, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. व्यवहारात याचा अर्थ असा की सेशन लागलं आणि बुकीनं पैसे दिले नाहीत, तर दाद मागायला कुठलंही दार नाही. वसुलीला मात्र माणसं येतात.

मुंबईला दूरच्या कुठल्यातरी आकड्यावर पैसे लावायची सवय क्रिकेटच्या आधीपासून आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि बंद होते दर तारेनं मुंबईत येत आणि त्यांच्या आकड्यांवर सट्टा चाले. कापूस पिकवणारा, विकणारा, विणणारा अशा हजारोंच्या व्यवहारातून तो आकडा निघे, त्यामुळे भुलेश्वरमधल्या कुणाला तो वाकवता येणं अशक्य होतं. १९६१ मध्ये ते दर येणं थांबलं. मग आकडे मटक्यातल्या चिठ्ठ्यांतून आणि पुढे पत्त्यांतून काढले जाऊ लागले. खेळणाऱ्याच्या दृष्टीनं आकडा तोच, भाव तोच. पण निकाल हजारो हातांतून निघून एका हातात आला.

या हातांकडे पुन्हा येऊच. त्याआधी वेगाबद्दल. टी-ट्वेंटीच्या पूर्ण सामन्यात २४० वैध चेंडू असतात आणि आताच्या ॲपवर प्रत्येक चेंडूवर पैज घेता येते. सामन्याच्या निकालावर पाचशे लावणाऱ्याला साडेचार टक्क्यांच्या हिशेबानं सरासरी साडेबावीस रुपये मोजावे लागतात. तेच पाचशे घेऊन कुणी चेंडूवर शंभर-शंभर अशा शंभर पैजा केल्या, तर उलाढाल दहा हजारांची होते आणि साडेसहा टक्क्यांनी सरासरी साडेसहाशे जातात, म्हणजे आणलेल्यापेक्षा जास्त. खिशातले पाचशे तेच असतात, पण वाटा खिशातल्या रकमेवर लागत नाही, उलाढालीवर लागतो. लहान प्रश्न लवकर सुटतो आणि पैसे लगेच पुढच्या प्रश्नाला मोकळे होतात, हाच त्याचा खरा दोष. ज्यांच्या घरात हे चक्र फिरू लागलंय त्यांनी लाजू नये. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

एकाच सामन्यातले प्रॉप जोडून केलेला पार्ले, म्हणजे सगळे लागले तरच पैसे देणारी पैज, हा त्यातला सगळ्यात फायदेशीर माल, अर्थात विकणाऱ्याला. १.८७ च्या चार निम्म्या-निम्म्या पैजा जोडल्या तर भाव १२.२३ दिसतो, रास्त भाव १६. प्रत्येक कडीवर ०.९३५ उरतं, चार कड्यांनंतर ०.७६, म्हणजे शंभरातले जवळपास चोवीस गेले. नेवाडाच्या नियामकांच्या आकड्यांत पार्ले कार्डांवरचा बुकींचा वाटा एकट्या पैजांच्या कित्येक पट असतो, तो यामुळे. एकाच सामन्यातल्या कड्या एकमेकींत गुंतलेल्याही असतात. फेकणाऱ्याचे यार्ड वाढले की झेलणाऱ्याचेही वाढतात, दोन्ही एकत्र लागण्याची शक्यता नुसत्या गुणाकारापेक्षा जास्त असते. कंपनीचं सॉफ्टवेअर ते जाणतं आणि भाव त्या प्रमाणात, किंबहुना थोडा अधिकच, कापतं. खेळणाऱ्याला मात्र आधीचा भाव आणि नंतरचा भाव शेजारी शेजारी कधीच दाखवला जात नाही.

निकाल लावण्याच्या नियमांवर बरीच भांडणं होतात, म्हणून थोडक्यात. खेळाडू मैदानात उतरलाच नाही तर सहसा पैज रद्द होऊन पैसे परत. पण एका स्नॅपपुरता उतरला आणि लंगडत गेला, तर पैज चालू, आणि ‘जास्त’ घेतलेले हरले. जादा वेळेतले गुण सहसा धरले जातात, पावापुरत्या पैजांत मात्र नाही. सर्वाधिक धावांत दोघांची बरोबरी झाली तर ‘डेड हीट’: लावलेली रक्कम अर्धी होते. दहा पौंड ५.०० नं लावले असतील तर पन्नासऐवजी पंचवीस परत. पावसानं षटकं कमी झाली तर काय, हे प्रत्येक बुकीचं वेगळं. राष्ट्रगीत किती मिनिटं चालेल असल्या पैजा तर सरावाच्या वेळी घड्याळ लावून बसणाऱ्यानं आधीच जिंकलेल्या असतात.

आता पुन्हा हातांकडे. ऑगस्ट २०१० च्या लॉर्ड्स कसोटीत मोहम्मद आमिर आणि मोहम्मद आसिफ यांनी मिळून तीन नो-बॉल ठरवून टाकले. मध्यस्थ मझहर मजीदनं एका वृत्तपत्राच्या वेशांतर केलेल्या बातमीदाराकडून दीड लाख पौंड घेऊन ते चेंडू आधीच सांगितले होते. नोव्हेंबर २०११ मध्ये लंडनच्या न्यायालयानं कर्णधार सलमान बटला तीस महिने, आसिफला एक वर्ष, आमिरला सहा महिने आणि मजीदला बत्तीस महिने कैद सुनावली. तीन नो-बॉलनी कसोटीचा निकाल बदलला नसता. ते पटवायला सोपे गेले ते नेमके म्हणूनच. सामना हरायला सांगितलं तर अकरा जण लागतात आणि मन खातं. पाय दोन इंच पुढे टाकायला एकच लागतो, आणि त्याला सांगता येतं की यानं काही बिघडत नाही.

बास्केटबॉलमध्ये तर पाय टाकायचीही गरज पडली नाही. टोरांटो रॅप्टर्सचा जॉन्टे पोर्टर संघाच्या कडेकडेचा खेळाडू होता. २६ जानेवारी आणि २० मार्च २०२४ च्या सामन्यांत तो काही मिनिटं खेळून दुखापत, आजारपण सांगत बाहेर पडला. गुण, रिबाउंड सगळे ‘कमी’ लागले. मार्चच्या सामन्यावर कुणीतरी त्याच्या ‘कमी’च्या कड्या जोडून ८० हजार डॉलर लावले होते, अकरा लाख मिळवण्यासाठी. रक्कम एवढी विचित्र होती की कंपनीनं पैसे गोठवले आणि लीगला कळवलं. एप्रिलमध्ये एनबीएनं त्याला आजन्म बंदी घातली, जुलैमध्ये त्यानं न्यायालयात गुन्हा कबूल केला. ‘जास्त’ ठरवून आणणं कठीण, कारण समोरचा संघ अडवतो. ‘कमी’ला कुणीच अडवत नाही. पगार कमी, खेळायला मिळणारा वेळ कमी, आणि भाव मात्र बाजारात खुला, असा खेळाडू याला सगळ्यात आधी बळी पडणार हे ओळखायला तज्ज्ञ लागत नव्हते. त्यानंतर अशा तात्पुरत्या करारावरच्या खेळाडूंवर ‘कमी’ची पैज अमेरिकेतल्या कायदेशीर कंपन्यांनी बंद केली. महाविद्यालयीन खेळाडूंवरचे प्रॉप सगळीकडे बंद करा, असा आग्रह अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांची संघटना एनसीएएनंही त्याच वर्षी धरला, आणि मला तो पूर्ण रास्त वाटतो. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाच्या मोबाइलवर ‘तुझ्यामुळे माझे पैसे गेले’ असे संदेश यायला नकोत.

नोव्हेंबर २०२५ मध्ये क्लीव्हलंडच्या बेसबॉल संघाच्या दोन गोलंदाजांवर, म्हणजे पिचरवर, ठरवून चेंडू टाकल्याचे आरोप ठेवले गेले. त्यांनी ते नाकारले आहेत. पण बेसबॉल लीगनं निकालाची वाट पाहिली नाही. एकाच चेंडूवरच्या पैजेला दोनशे डॉलरची मर्यादा घालायची आणि ती पैज पार्लेत जोडू द्यायची नाही, असं कंपन्यांशी ठरवून घेतलं. उपाय नेमका आहे. चेंडूचा निकाल एका माणसाच्या हातात राहणारच, तो बदलता येत नाही. पण दोनशेच्या पैजेतून कुणाला लाच देण्याएवढे पैसे निघत नाहीत. मग पन्नास खात्यांतून दोनशे-दोनशे लावावे लागतात, आणि एकाच चेंडूवर एकाच बाजूला पन्नास खाती एकदम जागी झाली की ते संगणकाला दिसतं. पोर्टर सापडला तो असाच, नोंदीमुळे. मुंबईच्या सेशनमध्ये पैज फोनवर बोलली जाते, वहीत टोपणनावानं उतरते आणि हिशेब चुकता झाला की पान फाडलं जातं. तिथे षटकात किती धावा द्यायच्या हे कुणी आधी ठरवलं असेल, तर त्या रात्री विचित्र रक्कम कुठे लागली हे पाहणारं कुणीच नसतं.